विमलचे रविवार

फोन सकाळी साडेसहाला आला. विमलची मुलगी प्रीती म्हणाली, "मावशी, आई गेली." मी जळगावहून मिळेल ती बस धरली. एरंडोल मागे पडलं आणि तिचा पुन्हा फोन... "तू सावकाश ये. आईला आता नेतायत." धुळ्याला देवपूरच्या त्या घरी पोचले तेव्हा अंगण धुऊन झालं होतं. तिचा चेहरा मला पाहायला मिळाला नाही. त्याला आता पाच आठवडे झाले.

देवपूरच्या मुलींच्या शाळेत आम्ही सव्वीस वर्षं बरोबर काम केलं. ती भूगोल शिकवायची, मी विज्ञान. मी असोद्याची, शेतकऱ्याची मुलगी, तोंडाने फटकळ. ती मारवाडी जैन घरातली सून, घरचं कापडाचं दुकान. तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा नाही, म्हणून मुलीच गप्प बसायच्या. टॉर्च आणि मोसंबं घेऊन ती दिवस-रात्र कशी होते ते दाखवायची, आणि तास संपला की ते मोसंबं सोलून पुढच्या बाकावर वाटून टाकायची. रविवारी सकाळी मात्र ती स्थानकात, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळी, लहान मुलींची पाठशाळा घ्यायची. तिथे भिंतीवर जंबूद्वीपाचा नकाशा होता. पृथ्वी थाळीसारखी सपाट, मधोमध मेरू पर्वत, त्याला फेऱ्या घालणारे दोन सूर्य आणि दोन चंद्र. तो नकाशाही ती तितक्याच मायेने शिकवायची. मी तिला विचारायचे, "तुला जमतं कसं?" ती म्हणायची, "तिथं मी मुलींना मुंगी मारू नये हे शिकवते. नकाशा त्याच्याबरोबर येतो."

तिचे सासरे स्थानकाचे विश्वस्त होते. घरात सगळे त्यांना बासा म्हणत, ते सुनेला बींदणी म्हणत. शास्त्रात लिहिलं ते अक्षर न् अक्षर खरं, अशी त्यांची श्रद्धा. सूर्य मावळल्यावर ते पाण्याचा थेंबही घेत नसत, आणि त्यासाठी मुंबईहून आलेलं सूर्यास्ताचं छापील वेळापत्रक पाळत. विमलच्या लक्षात आलं की धुळ्यात सूर्य मुंबईच्या काही मिनिटं आधी मावळतो. बासांचं व्रत रोज नकळत मोडत होतं. तिने घाबरत घाबरत सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "असं का होतं?" ती म्हणाली, "धुळं मुंबईच्या पूर्वेला आहे, बासा. आणि पृथ्वी गोल आहे." त्यांनी ताट बाजूला सारलं. "वेळ लिहून दे, बींदणी. कारण नको." त्या दिवसापासून धुळ्याची वेळ ती दर महिन्याला काढून द्यायची आणि ते तीच पाळायचे. यावर त्या घरात पुन्हा बोलणं झालं नाही.

मग एका रविवारी सहावीतल्या एका मुलीने पाठशाळेत हात वर केला. शाळेतही ती विमलच्याच वर्गात होती. "मॅडम, दोन्हीतलं खरं कुठलं?" विमल खोटं बोलू शकली नाही. म्हणाली, "पृथ्वी गोल आहे. ती माणसांनी मोजली आहे. हा नकाशा फार जुन्या लोकांनी डोळे मिटून पाहिला. त्यातली दया घ्यायची, मापं घ्यायची नाहीत." मुलीने घरी सांगितलं. कुरबुर झाली, दोन बैठका झाल्या, पण बासांनी शब्द टाकला आणि प्रकरण निवत आलं.

ते निवू दिलं नाही ते मी.

मी एका स्थानिक वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, तिला न विचारता. नाव कुणाचंच घातलं नव्हतं, पण देवपुरात कोण, कुठलं हे सगळ्यांना कळलं. अंधारात बसलेली माणसं वगैरे शब्द त्यात होते. मला ते शब्द आवडले होते... आठवड्याभरात विमलची पाठशाळा बंद झाली आणि बासांना विश्वस्तपद सोडावं लागलं.

स्टाफरूममध्ये ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "सुमन, तू हे माझ्यासाठी लिहिलंस का?"

"जे खरं आहे त्यासाठी लिहिलं," मी म्हणाले.

"खरं तर मी सांगून झाले होते. मुली ऐकत होत्या. आता ऐकायला माझ्यासमोर मुलीच नाहीत."

वर्षभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. पुढे चहा सुरू झाला, डबे सुरू झाले, पण तो विषय आम्ही दोघी टाळत राहिलो. स्थानकात जाणं तिने सोडलं नाही. मागच्या रांगेत बसायची. तिला परत कुणी बोलावलं नाही. बासांची नजर गेली तेव्हा ते संध्याकाळी तिलाच विचारायचे, "अजून वेळ आहे?" ती "आहे" म्हणाली तरच घास उचलायचे. तिच्यासाठी स्थानकात दुसऱ्यांदा शब्द टाकावा, असं त्यांना कधी वाटलं का, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. ते गेले तेव्हा ती मुलीसारखी रडली.

ती जायच्या आधीच्या महिन्यात तिला भेटले तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. मनगटं काडीसारखी झालेली. मी ठरवून गेले होते. म्हटलं, "विमल, ते पत्र..." तिने हात हलवून थांबवलं. मग म्हणाली, "पृथ्वीचं मला काही वाटत नाही गं. रविवार फार मोठे झाले." माफी राहिली ती राहिलीच.

हा लेख छापायला देण्याआधी मी देवपूरला जाऊन प्रीतीला वाचून दाखवला, विमलच्याच खोलीत. पलंग उभा करून भिंतीला लावला होता, म्हणून आम्ही जमिनीवर बसलो. बासांबद्दलच्या एका वाक्यावर तिने बोट ठेवलं. "मावशी, हे काढ. आईला हे आवडलं नसतं." ते वाक्य खोटं नव्हतं. मला अजूनही ते खरंच वाटतं. मी पेन मागितलं आणि तिच्यासमोर ते खोडलं. मग तिला विचारलं, "आणखी काही?"

ते पत्र लिहिलं तेव्हा हे जिला विचारायचं ती विमल स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसलेली होती.