गल्लीने जपलेली झोप

पाणीवाल्या काकांना गल्लीत कुणी नावाने हाक मारत नसे, आणि त्यांना ते मनापासून आवडे. नाव काय, कुणालाही असतं. अख्ख्या गावाला पाणी चढवणारा माणूस मात्र एकच, असं ते स्वतः कधी म्हणत नसत. म्हणायची जबाबदारी काकूंनी लग्न झाल्यापासून आपल्या अंगावर घेतली होती.

काका पंपघरात कायमचे रात्रपाळीला. बाकीचे लोक पाळ्या आलटून पालटून करत. काकांनी रात्र मागून घेतली होती. दिवसा पंपघरात साहेब येतात, चहा पितात, दाबाच्या काट्यांकडे बघून मान हलवतात आणि जातात. खरं काम रात्रीचं. खाली नदीकाठी तीन मोटारी, वर टेकडीवर टाकी, आणि उजाडायच्या आत टाकी काठोकाठ भरायला हवी. मोटारींना काकांनी नावं दिली होती: थोरली, मधली आणि धाकटी. थोरली सुरू होताना खोकायची, मधली गुरगुरायची आणि धाकटीची उगाच सारखी कुरकुर.

तिघी एकदम सुरू झाल्या की शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानात ओरडावं लागे. त्या गोंगाटात काका खुर्चीवर निवांत बसून विचार करत. पहिला नळ कुणाकडे सुटत असेल? पाववाला पिठात पाणी ओतत असेल. दवाखान्यातली नर्स हात धूत असेल. परीक्षेचं पोर डोळ्यांवर पाण्याचा हबका मारत असेल. सगळ्यांची तोंडं माझ्या पाण्याने ओली होतात आणि एकालाही माझी आठवण येत नाही, या विचाराने त्यांना वाईट वाटत नसे, उलट छाती फुगे. आठवण कधी येणार? नळ कोरडा पडला की. गावाला आपली आठवण येऊ द्यायची नाही, हेच आपलं काम, असं ते धरून चालत.

खोटं कशाला बोला, मध्ये डुलकीही लागे. पण तिची कुणाला काळजी नव्हती. बरोबरचा फिटर नव्या माणसाला हमखास सांगे, "काकांच्या कानाशी ढोल बडव, हलायचे नाहीत. एक मोटार बंद करून बघ, ताडकन उभे." ते अगदी खरं होतं. मोटार अचानक बंद पडली की चढावरचं पाणी उलटं फिरतं आणि पाइपाला अशी धडक मारतं की सांधे खिळखिळे होतात. त्यामुळे आवाज थांबला की काकांचे पाय आधी जमिनीला लागत आणि डोळे मागाहून उघडत.

अशा माणसाची दिवसाची झोप म्हणजे काही साधीसुधी गोष्ट नाही, हे काकूंनी पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं. आणि काकूंनी एखादी गोष्ट ठरवली की ठरली.

काका घरी पोचायच्या आत कुकरच्या शिट्ट्या होऊन गेलेल्या असत. दाराच्या कडीला काकूंनी फडकं गुंडाळलं होतं. घंटी काढून टाकून तिच्या जागी एक दोरी लावली होती. बाहेरून ओढली की आत स्वयंपाकघरात टांगलेली लाल चिंधी हलायची. चिंधीकडे लक्ष ठेवून काकू भाजी चिरत. भाजीवाला आधीच्या कोपऱ्यापर्यंत कोकलत यायचा, काकूंच्या दारापुढून गाडी ढकलताना तोंड मिटायचा आणि पुढच्या कोपऱ्यावर पुन्हा सुरू व्हायचा. गल्लीतल्या पोरांचा चेंडू काकूंच्या दारात आला की पोरं तो उचलायला चवड्यांवर यायची. एकदा दूरचा कुणी नातेवाईक प्रथमच घरी आला. हलणारी चिंधी, कुजबुजणारी माणसं, मिटलेल्या खिडक्या बघून बिचाऱ्याने दारातच चप्पल काढली आणि हळूच विचारलं, "कधी गेले?"

काकूंना या सगळ्याचा केवढा अभिमान. कुणी काही बोललंच तर त्या म्हणत, "त्यांची झोप मोडली तर तुमच्या नळाला पाणी कोण आणणार?" रोज संध्याकाळी चहा देताना त्या विचारत, "लागली का झोप?" आणि काका म्हणत, "ढाराढूर."

त्यांची झोप खरी कशी होती, ते त्यांचं त्यांनाच माहीत. डोळा लागायचा आणि थोड्या वेळाने छातीत धस्स होऊन उघडायचा. घरात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. काका वर छताकडे बघत पडून राहायचे. पुन्हा डोळा लागायचा, पुन्हा धस्स. दिवसाची झोप अशीच तुटकी असायची, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. कूससुद्धा बदलायची नाही, खाट वाजली तर ती येऊन बघेल. पलीकडे बायको पावलं न वाजवता घरभर फिरतेय, हे त्यांना समजायचं. एवढं कुणी कुणासाठी करत नाही, असं वाटून डोळे भरून यायचे.

मुलगा या शांततेतच वाढला. त्यामुळे तो इतका हळू बोलायचा की पहिल्या भेटीत सुनेला वाटलं, याचा घसा बसलाय. तिने घरून काढा करून आणला, तिथून पुढे सगळं जमलं.

सून मात्र पत्रे ठोकणाऱ्याची मुलगी. बापाचा कारखाना घरातच, त्यामुळे तिच्या माहेरी "मीठ दे" हेसुद्धा ओरडूनच सांगत. ती सासरी आली ती मोजे विणायचं विजेचं मशीन घेऊन. शाळेच्या पोरांचे मोजे विणून ती लग्नाआधीपासून स्वतःच्या पायावर उभी होती. मशीन एकदा सुरू केलं की खडखड खडखड चालूच राहायचं. धाग्याचं एक रीळ संपत आलं की त्याच्या शेपटाला पुढच्या रिळाचं टोक बांधून ठेवायचं, म्हणजे थांबायलाच नको.

काकूंनी मशीनवर चादर टाकली. "दिवसा नाही," त्या कुजबुजल्या. रात्री गल्ली झोपते, तेव्हाही नाही. राहिली ती काका कामावर निघाल्यानंतरची घटकाभर संध्याकाळ. तेवढ्या वेळात शाळेची मागणी कशी पुरी व्हायची? सून बिचारी ओठ मिटून वावरायची, तरी हातून भांडं पडायचंच, आणि पडलं की काकू काही न बोलता नुसतं बघायच्या. ते बघणं ओरडण्यापेक्षा वाईट.

शेवटी एका संध्याकाळी मुलगा त्याच्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाला, "बाबा, आम्ही बाजाराजवळ खोली बघितलीय. पुढच्या महिन्यात जाऊ."

काकांनी कपातला चहा तसाच खाली ठेवला. काकू उठून आत गेल्या आणि त्यांनी लागोपाठ दोनदा ओटा पुसला. मुलगा जाऊ नये असं दोघांनाही वाटत होतं. पण झोप की मुलगा, असा प्रश्न काकूंपुढे कधी आलाच नव्हता. त्यांच्या हिशेबी काकांची झोप म्हणजे गावाचं पाणी, त्यात घासाघीस कुठली. आणि काका मूग गिळून बसले, कारण ज्या शांततेवर बायकोने आयुष्य घातलं ती मोड, असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

तेवढ्यात काकूंची बहीण पाय घसरून पडली. काकूंना जाणं भागच होतं. निघताना त्यांनी सुनेला कडी, चिंधी, कुकर सगळं पुन्हा समजावलं आणि म्हणाल्या, "तुझ्यावर सोडून जातेय."

सुनेने एक दिवस कसाबसा काढला. मोज्यांचा ढीग अर्धाही झाला नव्हता आणि शाळा उघडायला आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी काका झोपल्यावर तिने मशीनखाली जाड गोधडी घातली, स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. जरा वेळ चालवू, बाबा उठले तर बंद करू. पण बाबा उठेनात. एक रीळ संपलं, दुसरं संपलं. उन्हं उतरली तेव्हा मशीन तसंच चालू ठेवून तिने घाबरून स्वतःच जाऊन पाहिलं. काका तोंड उघडं टाकून घोरत होते. मुलगा कामावरून आल्यावर त्याने हलवून उठवलं आणि काका डोळे चोळेपर्यंत तिने बटण बंद केलं. हलवलं नसतं तर त्या दिवशी पाळी बुडाली असती.

काकांना काही कळेना. अंग हलकं झालं होतं. पंपघरात फिटर म्हणाला, "काका, आज चेहरा उजळलाय, काय भानगड?" असं रोजच होऊ लागलं. मग काकांनी त्यांच्या बुद्धीप्रमाणे निष्कर्ष काढला: पोरीने सासूपेक्षाही वरचढ शांतता राखली आहे. चहा घेताना ते मोठ्या कौतुकाने म्हणाले, "शाबास पोरी. इतकी शांतता तुझ्या सासूलाही कधी जमली नाही."

सुनेने हातातली कपबशी खाली ठेवली. तिला वाटलं, यांना सगळं ऐकू येतंय आणि हे टोमणा मारतायत. ओरडले असते तर परवडलं असतं. ती आत गेली आणि नवऱ्यासमोर ढसाढसा रडली. "पुढच्या महिन्यात नाही, याच रविवारी जायचं," ती म्हणाली. मुलाने मान डोलावली आणि माळ्यावरून पेट्या खाली काढल्या. काका बाहेर चहा संपवत होते. आपण सुनेचं मन जिंकलं, असं त्यांना वाटत होतं.

शनिवारी दुपारी काकू परत आल्या. गल्लीच्या तोंडाशीच त्यांना खडखड ऐकू आली. कुणाच्या घरात चाललंय हे, म्हणत त्या पुढे आल्या आणि आवाज आपल्याच दारातून येतोय हे लक्षात आल्यावर त्या जवळजवळ धावतच दाराशी पोचल्या. दोरी ओढली. चिंधी हलली असेल, पण बघायला कुणाला फुरसत होती? त्यांनी दार ढकललं, तरातरा आत गेल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

सुनेने वर पाहिलं आणि तिचा हात आपोआप बटणावर गेला. मशीन थांबलं.

आतल्या खोलीत धपकन आवाज झाला. काका खाटेवरून उडी मारून उभे होते, लुंगी एका हातात धरलेली, डोळे अजून अर्धवट मिटलेले. "कुठली बंद पडली?" ते ओरडले. "थोरली का?"

काकू वळल्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, मग मशीनकडे. उशीवर लाळेचा ओला डाग पडला होता. असा डाग त्यांनी लग्नापासून त्या उशीवर कधी बघितला नव्हता. फिटर कधीमधी घरी जेवायला यायचा, त्याची ती ढोलाची गोष्ट त्यांनी कितीदा हसून ऐकली होती. काकू हुशार बाई. त्यांना आणखी सांगावं लागलं नाही.

"काही बंद पडलं नाही," त्या म्हणाल्या. "पडा तुम्ही." मग सुनेकडे न बघता म्हणाल्या, "चालव."

"आई, मी आता बंदच—"

"चालव म्हणते ना."

मशीन सुरू झालं. काका खाटेवर टेकले, आडवे झाले आणि बघता बघता घोरायला लागले. काकू हातातली पिशवीही खाली न ठेवता दारात उभ्या राहून ते घोरणं ऐकत होत्या. पेट्या बांधायला लवकर घरी आलेल्या मुलाने हातातली दोरी खाली ठेवली.

संध्याकाळी काका डबा घेऊन निघाले तेव्हा काकू दारापर्यंत आल्या. "इतकी वर्षं तुम्हाला झोप लागत नव्हती?"

"लागायची. तुटायची."

"मग सांगायचं की."

"मलाच कुठं कळलं होतं, कशानं तुटते ते." काका चप्पल चाचपत म्हणाले. "आणि कळलं असतं तरी सांगितलं नसतं. तू सगळी गल्ली गप्प केली होतीस माझ्यासाठी. साहेबाच्या बंगल्यापुढेसुद्धा भाजीवाला ओरडतो. मी जागा पडून असायचो आणि वाटायचं, आपल्याइतका मान या गावात कुणाला नाही."

काकूंनी पदराने डोळे टिपले आणि लगेच, जणू काही झालंच नाही अशा थाटात, आत वळून म्हणाल्या, "त्या पेट्या माळ्यावर चढवा रे. येता-जाता पायात येतायत." हे त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की समोरच्या घरातली बाई खिडकीत आली.

सकाळी काका आले, जेवले, आडवे झाले. आत खडखड सुरू झाली. काकूंनी कडीचं फडकं सोडून धुवायला टाकलं आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. भाजीवाला आधीच्या कोपऱ्यावर गप्प झाला आणि गाडी ढकलत हळूहळू त्यांच्यापुढे आला. आतला खडखडाट ऐकून तो थबकला. त्याने काकूंकडे बघितलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने कुजबुजत विचारलं, "काका घरी नाहीत?"

"झोपलेत ते," काकू मान ताठ करून म्हणाल्या. "तू ओरड."