पिवळ्या गोळीची परवानगी

रोगाला सरहद्द नसते, म्हणून औषधालाही नसावी, हे मानवजातीचं चिरंतन सत्य आहे. ते मी हिंगोलीच्या वाचनालयात एका वकीलसाहेबांच्या व्याख्यानात ऐकलं. त्या वेळी घरात कुणाला ताप नव्हता, त्यामुळे लगेच पटलं.

पावसाळा सरता सरता माझी थोरली बहीण हिवतापानं पडली. युद्ध चालू होतं. कोयनेल कुठं मिळेना. त्याच्याऐवजी चालणारी एक पिवळी गोळी होती, पण ती करण्याचा हक्क एकाच परदेशी कंपनीचा, आणि तिची जहाजं यायची थांबलेली. वाशीमला, म्हणजे इंग्रजी अंमलात, सरकारनं त्या कंपनीला न विचारता दुसऱ्या कारखान्याला तीच गोळी करायची परवानगी देऊन टाकली. आमच्या निजामी मुलखात असा हुकूम निघाला नव्हता.

शाळेतून रजा घेऊन मी वाशीमला गेलो. डॉक्टरांनी बाटली हातात दिली आणि बजावलं, "मास्तर, अंग हळदीसारखं पिवळं पडेल. घाबरू नका. डोळे पांढरेच राहतात, म्हणजे कावीळ नव्हे."

परतताना सरहद्दीच्या नाक्यावर मोटार थांबली. तिथले नाकेदार सभ्य गृहस्थ होते. दुर्दैवानं त्यांना कायदा वाचण्याची आवड होती. त्यांनी बाटली उजेडात धरली.

"मास्तर, 'सरकारच्या परवानगीनं तयार' असं लिहिलंय. कोणत्या सरकारच्या?"

"तिकडच्या."

"बराबर. इकडं हक्क अजून मूळ कंपनीचाच. म्हणजे हा चोरीचा माल झाला."

"अहो, त्या कंपनीचा मालच येत नाही."

"तुमी गावाला गेलात म्हणून तुमच्या घरात दुसऱ्यानं चूल मांडायची काय?"

"बाहेर माणूस मरत असेल तर मांडू द्या की."

"तसं कलम न्हाई."

मोटारीतून कुणीतरी ओरडलं, "साहेब, गोळ्या ठेवा न्हाईतर मास्तरला ठेवा, पण गाडी सोडा! बाजार उठून राहिला."

त्यांनी गोळ्या ठेवल्या. वर विचारून कळवतो म्हणाले.

घरी बहिणीनं विचारलं, "आणलंस का रे?"

"नाक्यावर आहे. परवानगी यायचीय."

"काहून? ताप आला तवा त्याला कुणी अडवलं न्हाई ते."

वकीलसाहेबांनी फुकट अर्ज लिहून दिला. सुरेख अर्ज होता. त्यात मानवजात पुन्हा आली होती. तो हैदराबादला पोचला असेल तोवर बहिणीचा ताप डोक्यात गेला. ती मला ओळखेना. मग गेली. मी काय केलं ते आठवत नाही. शाळेत गेलो असेन.

तेरावं झाल्यावर मी अर्ज मागे घ्यायला नाक्यावर गेलो. पत्रानंही जमलं असतं, पण घरात बसवत नव्हतं. नाकेदार उठून उभे राहिले, स्वतः खुर्ची पुढं केली.

"लई वाईट झालं, मास्तर. पण वरून अजून हुकूमच न्हाई. मी बी तापानं आडवा होतो. आता कुठं उठून कामाला लागलो."

मी बाटलीबद्दल विचारलं नाही. त्यांचा चेहरा, मान, तळहात हळदीसारखे पिवळे होते. डोळे पांढरे होते.