दोन डोळ्यांची राखण

त्या उन्हाळ्यात देवीवरची माझी श्रद्धा गेली नव्हती, पण मन कशावरच ठरत नव्हतं. पूजेला बसलो तरी कान बाहेर असायचे. गडावरची सप्तशृंगी आमची कुलस्वामिनी. लहानपणापासून तिचं नाव घेत वाढलो, पण त्या दिवसांत सारखं वाटायचं की आई आपल्याला विसरली.

मी मूळचा धुळ्याकडचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कारखान्यांत काम मिळतं म्हणून बायकोला घेऊन सिल्वासाला आलो. तिथल्या टोकरखाडा भागात एक खोली घेतली आणि यंत्रमागावर लागलो. पण तिथल्या कापसाच्या पुंजक्यांनी छाती धरली, खोकला हटेना. तेव्हा ओळखीतून मला मोकळ्या हवेतलं काम मिळालं. गावाबाहेर एका खासगी मालकाची छोटी धावपट्टी होती. आठवड्यातून एखाद-दोनदा तिथं पाहुण्यांना घेऊन लहानसं विमान उतरायचं. पट्टी जिथं सुरू होते, तिच्या अगदी तोंडाशीच राखोलीकडे जाणारा एक आडरस्ता होता. विमान झाडांवरून खाली येताना या रस्त्यावरून इतकं खालून जायचं की वर सामान बांधलेली बस नेमकी तेव्हा तिथं आली असती तर चाकं तिच्या टपाला लागली असती. म्हणून रस्त्यावर दोन्ही बाजूंना एकेक बांबू होता. विमान दिसलं की आधी माझ्या राखणीच्या झोपडीजवळचा बांबू आडवा टाकायचा, मग पळत पलीकडे जाऊन दुसरा टाकायचा, आणि लाल फडकं दाखवायचं. एवढंच काम.

एवढंच, पण त्यानं माझी झोप उडवली. सकाळी ऑफिसातून निरोप यायचा की आज विमान येईल. कधी, ते कुणी सांगत नसे. मग मी दिवसभर आभाळाकडे बघत बसायचो. जवळच्या खडी क्रशरच्या आवाजात इंजिनाचा आवाज ऐकू यायचा नाही. बघून बघून घारसुद्धा विमान वाटू लागली, आणि एकदा तर खरं विमान मला घार वाटलं. त्या दिवशी रस्ता रिकामा होता म्हणून निभावलं. घाबरून मी सुपरवायझरकडे गेलो आणि पलीकडच्या बाजूला आणखी एक माणूस मागितला. ते रागावले नाहीत, हसले. म्हणाले, दिवसभर बसूनच तर असतोस, जरा लक्ष ठेवायला काय लागतं? खरंच, बसूनच तर असतो, असं मलाही वाटलं.

त्यातच बायकोला विषमज्वर झाला. तिला सरकारी दवाखान्यात ठेवलं. दिवसा तिथल्या नर्सबाई होत्या, रात्री मी उशाशी बसायचो. आमच्या शेजारी कोकणातल्या एक बाई राहायच्या. त्यांचे यजमान सरकारी नोकरीत होते. सगळे त्यांना माई म्हणत. माईंनी कितीदा सांगितलं की एक रात्र मी बसते, तुम्ही घरी जाऊन पाठ टेका. मी नाही म्हणायचो. माझं माणूस आहे, मीच बघणार, असा माझा हट्ट. मी नजर हटवली की तिचा ताप चढेल असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. देवीपाशी एकच मागणं मागायचो, आई, माझ्या डोळ्यांना बळ दे, एक पापणी चुकू देऊ नको. आणि रोज पापण्या जास्तच जड व्हायच्या.

अशाच एका दुपारी निरोप आला होता आणि मी आभाळाकडे डोळे लावून बसलो होतो. डोक्यावर गाठोडं घेतलेली एक वारली बाई रस्त्यानं आली आणि तिनं पाणी मागितलं. मी आभाळावरची नजर न काढताच तिला माठ दाखवला. तिच्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही. ती पाणी प्यायली आणि पलीकडच्या बाजूला चिंचेखाली जाऊन बसली.

थोड्या वेळानं विमान दिसलं. मी उठून जवळचा बांबू टाकला, तेवढ्यात सुताची खोकी भरलेला एक टेम्पो येऊन थांबला. ड्रायव्हर उतरला आणि स्वतःच बांबू उचलू लागला. त्याला घाई होती, माल वेळेत पोचवायचा होता. मी बांबू दाबून धरला, तो ओढू लागला. आमची चांगलीच जुंपली. दुसरी बाजू उघडी आहे हे मी विसरलो असंही म्हणवत नाही. त्या घटकेला जगात दुसरी बाजूच नव्हती. तो माणूस, तो बांबू आणि माझा राग, एवढंच होतं.

मग ब्रेक लागल्याचा लांबलचक आवाज आला. वळून पाहिलं तर कारखान्याची बस होती, पॅकिंगमधल्या बायकांना घरी नेणारी. आणि तिच्यासमोर भर रस्त्यात ती वारली बाई एक हात वर करून उभी होती. बस तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली होती. दुसऱ्याच क्षणी तिच्या पाठीमागून, मोकळ्या रस्त्यावरून, विमान धूळ उडवत खाली गेलं आणि पट्टीवर टेकलं. टेम्पोवाल्यानं माझं मनगट धरलं होतं. ते सोडायचं त्याला भान नव्हतं.

बसमधल्या बायका खाली उतरल्या. एक जण रडत होती. त्यांचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसून राहिला. मी पळत गेलो आणि त्या बाईच्या पाया पडलो. ती संकोचून मागे सरली. तिचं गाठोडं सुटलं होतं आणि मोहाची सुकी फुलं रस्त्यावर पसरली होती. ती खाली बसून गोळा करू लागली, मीही करू लागलो. मी विचारलं, बाई, तुला कसं कळलं की मी इकडे येणार नाही?

तिनं तिच्या बोलीत जे सांगितलं ते मी माझ्या मराठीत सांगतो. ती म्हणाली, "तू तिकडं बघत होतास. मग मी इकडं बघितलं."

आवाजात ना उपकार होता, ना राग. गाठोडं डोक्यावर घेऊन ती नदीच्या पायवाटेनं निघून गेली. पुढे कितीतरी बाजारांत मी तिला शोधलं, पुन्हा दिसली नाही. बसमधल्या बायका म्हणत, देवीच आली होती. ते मला ठाऊक नाही. तिच्या टाचांना भेगा होत्या आणि मोहाचं एक फूल तिच्या केसांत अडकलं होतं, एवढं मी पाहिलंय. मात्र ती गेली त्या वाटेला मी हात जोडले, आणि आजही तिची आठवण आली की हात आपोआप जुळतात.

संध्याकाळी दवाखान्याच्या दारात माई डबा घेऊन उभ्या होत्या. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "आज तरी घरी जा हो." मी गेलो. किती दिवसांनी झोपलो. सकाळी धावत आलो तर बायको उशीला टेकून बसली होती, माई तिची वेणी घालत होत्या, आणि ताप उतरणीला लागला होता.

त्याच दिवशी मी ऑफिसात गेलो. बसचा ड्रायव्हर आणि काही बायकाही सोबत आल्या. घडलं ते सगळं सांगितलं, स्वतःला वाचवलं नाही. म्हणालो, "साहेब, डोळ्यांत तेल घालून बसलो तरी मी एका वेळी एकीकडेच बघणार. दुसरीकडे दुसरा माणूस पाहिजे." बायकांनी सांगितलं की माणूस आल्याशिवाय त्या रस्त्यानं आम्ही बसमधून जाणार नाही. सुपरवायझर या वेळी हसले नाहीत. काही दिवसांत पलीकडच्या बांबूवर गलोंडा गावचा एक गडी लागला, आणि विमान तिकडून निघालं की आम्हाला उतरायची वेळ कळू लागली.

बायको हिंडू-फिरू लागल्यावर आम्ही गडावर गेलो. आईसमोर उभा राहिलो तेव्हा मागायला काही सुचेना. तिच्या अठरा हातांकडे बघताना मनात आलं, आईलासुद्धा हात अठरा आहेत, डोळे मात्र दोनच. म्हणून तर ती एवढ्या माणसांच्या डोळ्यांत जाऊन बसते. मी इतके दिवस तिला माझ्याच पापण्यांत कोंडून ठेवायला निघालो होतो. सगळं आपणच राखायचं, या हट्टाला मी भक्ती समजत होतो. तो हट्ट तिथं पायरीवर ठेवला आणि बाहेर आलो.

परतीच्या एस.टी.त खिडकीशी जागा मिळाली. घाट सुरू झाला तसा मी सवयीनं पुढच्या काचेतून वळणं बघू लागलो, पाय आपोआप ब्रेक दाबू लागले. बायको हळूच म्हणाली, "अहो, झोपा जरा. ड्रायव्हर बघतोय ना."

मी डोळे मिटले. घाटाच्या पायथ्याची नांदुरी कधी आली ते कळलं नाही.