झमकुबाईंनी ढावलो म्हटला होता

"'सोनकीचा तांडा' या मालिकेचे शेवटचे तीन भाग कधीच निघाले नाहीत, कारण तांड्यावरच्या एका बाईने रूढीपायी शेवटचे गाणे म्हणायला नकार दिला."

हे वाक्य अलीकडेच यवतमाळच्या एका सभागृहात माईकवरून ऐकवण्यात आले. विषय होता जुन्या कार्टून मालिका. बोलणारे गृहस्थ आमच्या निर्मात्यांचे, म्हणजे सबनीस साहेबांचे, भाचे. मालिका चालू होती तेव्हा ते शाळेत होते. श्रोते हळहळले. माझ्या शेजारी प्रमिला बसली होती. आर्णीकडच्या एका शाळेत ती शिकवते. 'ती बाई' म्हणजे तिची आजी, कै. झमकुबाई. प्रमिला खाली मान घालून पर्सच्या बंदाशी चाळा करीत राहिली.

बाहेर आल्यावर तिने विचारले, "आबाजी, आजीनं खरंच नाही म्हटलं होतं काय? आमच्या तांड्यातही असंच म्हणतात. तुमचं एवढं काम तिच्यापायी बुडालं म्हणून."

"कोन म्हणते?"

"सगळेच."

"मंग सगळेच खोटं बोलून राह्यले!"

रागावलो की माझी पुस्तकी मराठी सुटते. आता राग आवरून, क्रमाने लिहितो.

त्या मालिकेचा स्टोरीबोर्ड मी करीत असे. स्टोरीबोर्ड म्हणजे संपूर्ण भाग आधी लहान चौकटींत चितारून ठेवणे, घर बांधण्यापूर्वी नकाशा काढावा तसे. मुख्य पात्रांचे ऍनिमेशनही माझ्याच हातचे. माझे बोर्ड उशिरा गेल्याने मालिका रखडली, असे कुणीतरी इंटरनेटवर लिहिले आहे. त्यांच्यासाठी एकच वाक्य खर्च करतो. माझे बोर्ड वेळेवर जात, निर्मात्यांचे निर्णय उशिरा येत.

मालिकेची गोष्ट साधी होती. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव फिरणारा गोरमाटी, म्हणजे बंजारा, लोकांचा तांडा, त्यातली दहा वर्षांची सोनकी आणि तिचा लाडका बैल हिऱ्या. शेवटच्या तीन भागांत रेल्वे येते, मालवाहतूक तिच्याकडे जाते आणि तांडा एका माळावर कायमचा थांबतो. त्याच वेळी सोनकीच्या थोरल्या बहिणीचे लग्न होते. सासरी जाताना नवरी सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभी राहून तांड्याचा निरोप घेते. अशी त्या लोकांची रीत होती. आमचे शेत राळेगावजवळ. शेजारच्या तांड्यात हे दृश्य मी लहानपणी पाहिले होते. हिऱ्याच्या पाठीवरचे शेवटचे ओझे म्हणजे घरची लेक, ही कल्पना माझी. संहिता लिहिणाऱ्यांनी नंतर ती आपली म्हणून सांगितली, तो वाद आज काढत नाही.

त्याच तांड्यातल्या झमकुबाईंना आवाजासाठी मीच आणले होते. सोनकीच्या आजीचा आवाज त्यांचा, आणि मालिकेतली सगळी गाणीही त्यांचीच. नागपूरच्या एका स्टुडिओत त्या शेवटच्या रेकॉर्डिंगला आल्या. निरोप घेताना नवरी रडत जे गाणे म्हणते, ज्याला ढावलो म्हणतात, ते त्यांना म्हणायचे होते. माईकसमोर उभे केल्यावर त्यांनी कानांवरचा हेडफोन काढून ठेवला.

"मी नाही म्हणत."

सबनीस साहेब काचेपलीकडून म्हणाले, "का हो बाई? काल तर हो म्हणालात."

"काल मले वाटलं, कोनी असंन आत. हे तं रिकामी खोली हाय."

"रेकॉर्डिंगची खोली रिकामीच असते, बाई. दुसरा आवाज येऊ नये म्हणून."

"ढावलो रिकाम्या खोलीत म्हनत नाहीत, साहेब."

साहेबांना दुपारची गाडी गाठायची होती. "या बाईचं काही खरं नाही, मुंबईची गायिका बघू," असे म्हणत ते निघून गेले. भाच्यांना मामांकडून जी हकीकत मिळाली, ती एवढीच. दार लागण्यापूर्वीची.

दार लागल्यावर मी आत गेलो. "झमकुबाई, काहून असं करून राह्यल्या? शकुन-अपशकुनाची गोष्ट हाय काय?"

"शकुन गेला चुलीत!" त्या फणकारल्या. "अरे, नवरी मायच्या गळ्यात पडते, बापाच्या पडते, भावाच्या पडते. ज्याच्या गळ्यात पडंन त्याच्या नावानं रडते. थोच ढावलो. भिंतीच्या गळ्यात पडून कोन रडते रे? येडी म्हनतीन मले."

 त्यांचे म्हणणे नकाराचे नव्हतेच. गाण्याला समोर माणूस लागतो, एवढेच त्या सांगत होत्या.

"मंग मी उभा राह्यतो."

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले. "तू? कुनब्याचा पोरगा?"

"चालत नाही काय?"

"चालते. पन एकदा गळ्यात पडली की मंग तू भाऊ झाला. नंतर म्हनशीन, मी तं चित्रं काढाले आलतो."

रेकॉर्डिस्टने कपाळाला हात लावला. "साहेब, दोन माणसं, लुगड्याची सळसळ, बांगड्या! आवाज खराब येईल."

"येऊ द्या," मी म्हणालो.

झमकुबाईंनी माझ्या खांद्यावर कपाळ टेकले आणि सुरू केले. आधी आईला, मग बापाला, मग तांड्याच्या झाडाला. ते रडणे होते की गाणे, हे मला आजही सांगता येत नाही. भावाच्या कडव्याशी आल्यावर त्यांचा श्वास अडकला. त्यांनी गाणे सोडले आणि नुसते "भिया" म्हटले. गोरबोलीत भिया म्हणजे भाऊ. मग पुन्हा सूर धरला. रेकॉर्डिस्टने दुसरा टेक मागितला नाही. त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि खिडकीकडे तोंड केले.

मुंबईला आमच्या स्टुडिओत परतल्यावर मी सर्व कामे बाजूला सारून तेवढाच प्रसंग आधी ऍनिमेट केला. पुढे सबनीस साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावले.

"तांडा थांबवू नका. मला आणखी वर्षभर मालिका चालवायची आहे. तांडा थांबला तर गोष्टी कुठून आणायच्या?"

"साहेब, रेल्वे आली. वाहतूक संपली."

"रेल्वे थोडी उशिरा आणा."

"आणि नवरी?"

"तिलाही थांबवा. लग्न काय, कधीही लावता येतं."

मी भांडलो. त्या केबिनमध्ये माझा आवाज इतका चढला की चहा घेऊन येणारा दारातूनच परतला. उपयोग झाला नाही. शेवटचे तीन भाग बाजूला ठेवून नव्या गोष्टींची जुळवाजुळव सुरू झाली. ती संपण्याआधी प्रायोजकांचा उत्साह संपला. वाढीव भाग निघाले नाहीत आणि शेवटचेही निघाले नाहीत. टेप महाग असत, जुनी पुसून पुन्हा वापरण्याचा रिवाज होता. ढावलोच्या टेपवर कुठल्याशा साबणाची जाहिरात भरली गेली, हे मला फार उशिरा कळले.

झमकुबाईंना ते सांगण्याचे काम माझ्याकडे आले. त्या दर रविवारी तांड्यातल्या एकुलत्या एका टीव्हीसमोर जाऊन बसत. मी गेलो की विचारत, "माहा ढावलो कधी दाखवता, भिया?" खरे सांगितले त्या दिवशी त्या चिडल्या नाहीत. बराच वेळ तूर पाखडत राहिल्या. मग म्हणाल्या, "पोरीले बैलावर चढवली अन् उतरवलीच नाही तुम्ही. वाटंतच उभी हाय ते."

त्यानंतर त्यांनी विचारले नाही. त्या गेल्या तेव्हा भाऊ म्हणून मी उभा होतो. पण त्यांची ती लेक आजही वाटेतच उभी आहे, आणि याचे दुःख मालिका बुडाल्याच्या दुःखाहून मोठे आहे. धंद्यातला धडा मात्र कोरडा आहे. ज्याला शेवट करायचा नसतो, त्याच्या हातून गोष्ट पुरी होत नाही, आणि दोष दार लागण्याआधी बोललेल्या माणसावर येतो.

सभागृहातल्या प्रकारानंतर मी आर्णीला प्रमिलाच्या घरी गेलो. त्या प्रसंगाची पेन्सिलची चित्रे मी जपून ठेवली आहेत. गठ्ठा अंगठ्याने भरभर सोडला की चित्र हलते. नवरी बैलावर उभी राहते, तिचे ओठ हलू लागतात. प्रमिलाला तिच्या लग्नाआधी आजीनेच ढावलो शिकवला होता. मी गठ्ठा हळूहळू सोडत गेलो, तशी ती टक लावून ओठ पाहत होती आणि हलकेच गुणगुणत होती, अक्षरागणिक ओठांच्या बरोबरीने. एका जागी ती थांबली.

"आबाजी, हे गाण्यात नाही. इथं ती 'भिया' म्हणते."

"संहितेतही नव्हते," मी म्हणालो.

भाचेसाहेबांना ऍनिमेशनचा पहिला नियम कुणी सांगितलेला दिसत नाही, म्हणून मी सांगतो. पात्राचे ओठ आधी काढत नाहीत. आधी आवाज रेकॉर्ड होतो, त्यातला एकेक उच्चार कागदावर मांडला जातो, आणि मग त्या उच्चाराबरहुकूम ओठ काढले जातात. आवाज नसेल तर ओठ मिटलेले राहतात.

त्या नवरीचे ओठ मिटलेले नाहीत.