अक्काच्या घरामागची माती

माझ्या बापानं शेजारणीचं घर नदीत घातलं.

आज पहाटे तो बाप गेला. "मी गेलो की सांगून टाक सगळ्यांना," असं आबाच म्हणाले होते, म्हणून लिहितेय.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. अमळनेरजवळ, बोरी नदीच्या काठी आमचं गाव. आबांचं लग्न ठरलेलं, म्हणून नवं धाब्याचं, सपाट मातीच्या छताचं घर काढलेलं.

धाब्यावर पांढरी माती लागते. ती नीट दाबून बसवली की पाऊस कितीही धो धो पडो, आत येत नाही.

बेस्ट माती होती शेजारच्या सखूअक्काच्या घरामागे, नदीकडच्या काठाला. थोडीथोडी सगळेच न्यायचे. आबांनी गाड्याच्या गाड्या भरून नेली.

त्याच पावसाळ्यात पूर आला. भरदुपारी.

खणलेल्या जागी पाणी घुसलं, काठ ढासळला. अक्काचं घर, वर्षाची दादर ज्वारी, म्हैस, सगळं गेलं. अक्का तेवढी पळत आमच्याकडे आली.

आमच्या नव्या धाब्याखाली बसून म्हणाली,
"मनं बठ्ठं वाही गयं रे भाऊ. पन तुना धाबा भलता चांगला शे. एक थेंब पडना नही."

त्या दिवशी आबांना घास गेला नाही.

पुढे त्यांनी अक्काला घर बांधून दिलं. गावाच्या वरच्या अंगाला, कमरेएवढं दगडी जोतं. गाव म्हणालं, काय देवमाणूस!

मग आबांची जन्मभर लोकांच्या बांधकामावर जाऊन भांडणं. "जोतं वर घे! काठाला कुदळ लावली तर तंगडं तोडीन!"
आम्ही पोरं त्यांना इरिगेशन डिपार्टमेंट म्हणायचो. काय कळत होतं आम्हाला, डोंबल!

अक्का अंथरुणाला खिळली तेव्हा कुठे त्यांना धीर झाला. मी सोबत होते.

"अक्का, तुना घरनामांगनी माती मीच खंदी. तेनामुये तुनं घर गयं."

"माले माहीत शे. तू खंदी ऱ्हायंता तवय पानी कोन दिधं तुले? मीच ना!"

"मंग बोलनी का नही?"

"तुनी नवरी येनार व्हती. तिले कोरडं घर नको का?"

ती नवरी म्हणजे माझी आई.

घरी येताना आबा रस्त्यातच हमसून रडले. "शिव्या दिल्या असत्या तर सुटलो असतो गं."

त्या कोरड्या घरात मी जन्मले. सासरी मी मोठ्या तोऱ्यात सांगायचे, आमचा धाबा कधी गळला नाही.
आता सांगवत नाही.

आबा, या आता. लेकीचा शेवटचा नमस्कार.