बाबांनी आवळलेली गिटार

माझ्या बाबांना ढिली दोरी सहन होत नाही. त्यांचं टेंट हाऊस आहे. उज्जैनमधल्या निम्म्या लग्नांचे मांडव आपणच बांधले, असं ते सांगतात. दुसऱ्याच्या लग्नात जेवायला गेले तरी ते आधी मांडवाचे दोर ओढून बघतात, मग ताट घेतात. शेजाऱ्यांच्या गच्चीवरची कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा त्यांनी न विचारता आवळली आहे! हे सगळं माहीत असून मी त्यांना गिटार बघायला येऊ दिलं. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहून काढते आहे.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. तिथल्या गाण्याच्या ग्रुपला वार्षिकोत्सवासाठी कुणीतरी गिटार वाजवणारं हवं होतं, आणि मैत्रिणीच्या गिटारवर मी बऱ्यापैकी शिकले होते. अट एकच, गिटार स्वतःची हवी. माधव नगरातला शुभम नावाचा मुलगा नोकरीसाठी गाव सोडत होता, त्याला त्याची जुनी गिटार विकायची होती.

"मी एकटीच जाऊन येते," मी म्हणाले.

"एकटी? जुना माल? फसवतील तुला!" बाबा म्हणाले.

"आणि कुंकू कोण लावणार?" आई म्हणाली. (सायकल असो की मिक्सर, घेतल्या जागी आधी कुंकू लावायचं, ही आमच्या घरची रीत. पुडी आईच्या पर्समध्येच असते.)

तर वरात निघाली.

गिटार दिसायला देखणी होती. पण मी आठवडाभर व्हिडिओ बघून तयारी केली होती. तारा खाली ज्या लाकडी पट्टीत अडकवतात, तिच्याखाली फट नको. मी वहीचा कोपरा फाडून सरकवला, तर कागद सर्रकन आत गेला! पट्टी सुटत आली होती. म्हणजे ही गिटार घ्यायची नाही. ठरलं! आता फक्त तोंडाने सांगायचं होतं.

आणि तिथेच माझं घोडं अडतं. मला कुणाला तोंडावर नाही म्हणता येत नाही. शुभमने पाणी दिलं होतं, वर बिस्किटं दिली होती. मी मनात वाक्य जुळवलं, घसा साफ केला. "भैया, मैं ज़रा सोचकर..."

"तार तो पूरे ढीले हैं, भिया!" बाबा गरजले.

"अंकल, मैंने ही ढीले किए हैं. पैक करनी थी ना."

"ढीले छोड़ दिए? और आँधी आ गई तो?"

(पहिल्या मजल्यावर, बंद खोलीत, आँधी!)

तेवढ्यात बाबांना गिटारच्या खुंट्या दिसल्या. एक नाही, सहा! त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी पिळायला सुरुवात केली.

"बाबा, राहू द्या! हा मांडव नाहीये!"

"मांडव असो की काही असो, झोल नको."

तारा किंचाळायला लागल्या. शुभम उठून उभा राहिला. "बस, अंकल! अंकल, बस!"

"बस, एक घुमाव और..."

धाड! पट्टी उखडली, सहाही तारांसकट उडाली आणि थेट बिस्किटांच्या बशीत जाऊन पडली.

बाबांनी गिटारकडे पाहिलं, मग बशीकडे. "गोंद कमज़ोर था," ते म्हणाले.

आईने शांतपणे पर्स उघडली, पुडी काढली आणि गिटारच्या पोटावर कुंकवाचं बोट टेकवलं.

"चला," ती म्हणाली, "आता आपलीच."

शिकवण्या घेऊन साठवलेले माझे पैसे असे गेले. जी घ्यायची नाही असं ठरवलं होतं, तीच गिटार दोन तुकड्यांत मांडीवर घेऊन मी ऑटोत बसले. रस्ताभर बाबांवर चिडले, आईवर चिडले, त्या बिस्किटांवरही चिडले!

घरी बाबांनी पट्टी गोंदाने चिकटवली, टेंटचे क्लॅम्प लावून ती गोदामात कनातींच्या शेजारी वाळत ठेवली, मग तारा ओवल्या. आवळल्या मात्र नाहीत! "तूच बघ बाई," असं खाली बघत म्हणाले आणि बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी ग्रुपमधल्या निवडीसाठी वाजवून दाखवायचं होतं आणि माझा राग जसाच्या तसा होता.

मोबाइलवर सूर बघत मी एकेक तार लावली. सगळ्यात बारीक तार राहिली. ती मला ढिली वाटली. थोडी पिळली. अजून किंचित झोल होता. अजून थोडी...

टण्ण!

बाबा धावत आले. त्यांनी तुटलेली तार पाहिली, मग खुंटीवरचा माझा हात पाहिला. मिशीतल्या मिशीत हसू फुटलं.

"एक शब्द बोलू नका, बाबा!"

चपला घालत ते एवढंच म्हणाले, "टावर चौकातून तार घेऊन येतो. दोन आणतो."

मागून आई पुडी घेऊन आली. मी रागारागाने गिटार तिच्यापुढे ढकलली. तिने ती बाजूला सारली आणि कुंकवाचं बोट माझ्या कपाळावर टेकवलं.

"ही पण आपलीच," ती म्हणाली.