रांब्ला बाहेर पडली

हिनेसाच्या गावची नदी वर्षभर कोरडी ठणठणीत. गाव तिला रांब्ला म्हणतं आणि रस्ता म्हणून वापरतं. तिच्या पात्रातूनच बस येते, शुक्रवारचा बाजारही तिथेच भरतो. पण वर डोंगरात ढग फुटले, की इथे लख्ख ऊन असतानाही लोंढा येऊन धडकतो. पूर आला असं इथे कुणी म्हणत नाही. म्हणतात, रांब्ला बाहेर पडली.

तिची वर्दी शंख फुंकून द्यायची. वरच्या वळणावर हिनेसाचं एकटं घर. आधी सासरा फुंकायचा, मग नवरा. नवरा गेला आणि शंख हिनेसाच्या गळ्यात पडला. मोबाइल आले, तरी गावाचा भरवसा शंखावरच. बार्सिलोनाला राहणारी तिची मुलगी, माराविलास, बोलावून बोलावून थकली. पण हिनेसाने जायचं नाव काढलं, की गाव गोड बोलून बेडी घालायचं.

"तू आहेस म्हणून आम्हाला झोप लागते गं बाई!" वर अंजिरांची टोपली. मेलं ते कौतुक! भांडणाऱ्यांच्या तावडीतून सुटता येतं, माया करणाऱ्यांच्या कसं सुटायचं?

त्या सप्टेंबरात तिने कुणाला न सांगता बोचकं बांधलं. बाजाराच्या गडबडीत कुणाचं लक्ष नसतं, म्हणून शुक्रवारच धरला. शंख उंबऱ्यावर ठेवला आणि खाली पात्रात जाऊन बसची वाट बघत राहिली. बस लांबून दिसलीसुद्धा. तेवढ्यात वरून ओल्या मातीचा वास आला आणि पायाखालचे गोटे थरथरायला लागले.

तिने आधी बसकडेच पाहिलं, खोटं कशाला बोला. मग बाजाराकडे. बोचकं तिथेच टाकून, गावाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत ती घराकडे धावली आणि छातीचा भाता होईपर्यंत शंख फुंकत राहिली. खाली एकच पळापळ झाली. बस आल्या वाटेने परतली. टरबुजं वाहून गेली, कोंबड्यांची खुराडी गेली, हिनेसाचं बोचकंही गेलं. माणूस एकही गेलं नाही.

संध्याकाळी पाववाला ब्लास पलीकडच्या काठावरून ओरडला, "हिनेसाकाकू, तू नसतीस तर मेलोच असतो! आता आम्ही तुला कुठ्ठे जाऊ देत नाही! बघितलंस ना, कशी बाहेर पडली रांब्ला?"

गढूळ पाणी समुद्राकडे धावत होतं. हिनेसा त्याच्याकडे बघत राहिली.

"पडू दे बाबा," ती म्हणाली. "आम्हा दोघींतल्या एकीला तरी जमलं."